मशीनचे पैसे

"मार्चमध्ये मी दीड लाखाचे शेअर घेतले," कालिंदी माईकवर म्हणाली. "नवं मशीन येणार होतं म्हणून. मशीन कुठाय?"

दादरच्या हॉलमध्ये कंपनीच्या भागधारकांची सभा चालू होती. या सिरिंजच्या कंपनीत तिने बावीस वर्षं पॅकिंग केलं होतं, पण सभेत ती पहिल्यांदाच बोलत होती.

स्टेजवरचा अधिकारी समजुतीच्या सुरात म्हणाला, "ताई, तुमचे पैसे कंपनीत आलेच नाहीत. कंपनीने हे शेअर पंधरा वर्षांपूर्वी विकले, तेव्हाच तिला काय ते मिळालं. तुम्ही घेतलेत बाजारातून. पैसे गेले ते ज्याने विकले त्याला."

मागे कोणीतरी हसलं.

कालिंदीने दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. तिथे बसलेला युनियनचा गौतम उठून बाहेर निघाला होता. यानेच गेटवर उभं राहून सांगितलं होतं, आपणच शेअर घेऊ, कंपनीत पैसा येईल, कारखाना वाचेल. त्याच्या शब्दावर पॅकिंगच्या चाळीस बायांनी शेअर घेतले. कालिंदीने लेकीच्या नर्सिंगसाठी ठेवलेली एफडी मोडली.

तिने त्याला जिन्यात गाठलं.

"गौतम, तुला हे ठाऊक होतं?"

"भाव चढला की बँक कर्ज देईल, असं साहेब बोलले होते."

"आणि तुझे शेअर? कंपनीने तुला दिले होते ते आहेत ना अजून?"

तो जिन्याचा कठडा धरून उभा राहिला. "विकले. अँटॉप हिलला फ्लॅट बघितला होता, टोकन भरायचं होतं."

"कधी?"

"मार्चमध्ये. भाव बरा मिळत होता."

"आम्ही घेत होतो म्हणून मिळत होता."

"पण तुझ्याकडे माझेच आले असं नाही, कालिंदी," तो घाईघाईने म्हणाला. "बाजारात कोणाचे कोणाकडे जातात, काय कळत नाही. खरंच सांगतो."

वर हॉलमध्ये टाळ्या झाल्या. कुठला तरी ठराव पास झाला असावा. कालिंदी एक पायरी खाली उतरली आणि थांबली.

"तुझेच आले, असं म्हण," ती म्हणाली. "घरी लेक विचारील, पैसे कुठे गेले. एक पत्ता तरी सांगता येईल."