चार पुरुष

पहिला माणूस विहिरीतून वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. दोघांनी त्याला स्ट्रेचरवर घातलं आणि लॉन्ड्रीच्या मागच्या दाराने पळतच ॲम्ब्युलन्सकडे नेलं. मागोमाग त्याची आत्या, म्हणजे लॉन्ड्रीवाली म्हातारी, अनवाणी धावली.

"एक झाला," अग्निशमन दलाचा प्रमुख म्हणाला. "अजून तीन."

पंपाच्या इंजिनाचा धूर विहिरीत कोंडला होता. तळाला कमरेएवढं काळं पाणी. जवान पाठीवर हवेचा सिलिंडर लावून पुन्हा उतरला होता. प्रमुखाने दोर स्वतःच्या हातात घेतला होता.

"डाव्या अंगाला कोणी नाही, साहेब," वॉकीटॉकीवर जवानाचा आवाज आला.

"पाण्याखाली चाचप."

बराच वेळ नुसता खळखळाट. मग खालून बारीक शिट्टी वाजू लागली. सिलिंडरमधली हवा संपत आल्याची खूण. प्रमुखाने घड्याळ पाहिलं. फार तर पाच मिनिटं.

तेवढ्यात आत्या धापा टाकत परत आली. "शुद्धीवर आला! पंप दुरुस्तीच्या पान्यांची पिशवी मागतोय." मग ती थबकली. "आता कोणाला शोधताय?"

"उरलेल्या तिघांना."

"कुठले तिघे?"

"फोनवर मी विचारलं, आत किती? तुम्हीच म्हणालात ना, चार पुरुष!"

"अहो, मला वाटलं, खोली विचारताय! विहीर चार पुरुष खोल आहे. माणूस हात वर करून उभा राहिला की एक पुरुष. माझे वडील असंच मोजायचे. पडला तो एकटाच!"

प्रमुख हसला नाही. "वर ये," तो वॉकीटॉकीत ओरडला. "आत कोणी नाही."

"हवा संपतेय म्हणून थापा मारताय, साहेब. इथे काहीतरी हाताला लागलंय. मऊ आहे." "बाही आहे. शर्टाची बाही!"

प्रमुखाने आत्याकडे पाहिलं. आत्याने कठड्यावर ओणवं होऊन आत हाक मारली. "अरे बाळा, शर्टच आहे तो! नुसता शर्ट! गिऱ्हाइकाचा, दोरीवरून उडालेला!"

शिट्टी वाजतच होती. मग ती थांबली.

"ओढा!" प्रमुख ओरडला.

चौघांनी मिळून दोर ओढला. जवान वर आला तो एक भिजका शर्ट छातीशी घट्ट धरून. कोणीतरी त्याचा मास्क ओढून काढला. तो फरशीवर आडवा पडून हवा ओढत राहिला. मग त्याने शर्ट डोळ्यांसमोर उलगडला, कॉलर पाहिली, दोन्ही बाह्या पाहिल्या आणि खोकत खोकत हसू लागला. त्याचं बघून बाकीचेही हसत सुटले. एकाने तर शर्टाला सलाम ठोकला.

प्रमुख पायरीवर बसला होता. जवानाच्या कमरेचा दोर केव्हाच सोडला होता, तरी याची मूठ उघडत नव्हती.

आत्या त्याच्याजवळ जाऊन बसली. तिने त्याची बोटं एकेक करून दोरावरून सोडवली.