पहिला घास

"रझाकारांनी पिठात विष कालवलंय," असं ह्यांच्या कानात कुणीतरी सारखं सांगायचं. आम्हाला मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. ताटातला पहिला घास मी खाऊन दाखवला, की मगच हे जेवायचे. सासूबाई रोज कडाडायच्या, "नवऱ्याच्या आदी गिळती, म्हणून माझ्या लेकाला येड लागलं!" पेडगावचा देवऋषी झाला, जिंतूरचा गंडा झाला, तरी दोष माझ्याच घासाला. शेवटी सासूबाईंनी मला ताटापाशी फिरकूच दिलं नाही. ह्यांनी अन्न सोडलं. एकादशी उजाडली, तरी हे तोंड उघडेनात. मग जन्मात उपास न मोडलेल्या सासूबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला आणि ह्यांच्यासमोर खाल्ला. "बघ मार्तंडा, मी खाल्ली. आता तरी जेव रं." ह्यांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं आणि ताट दूर लोटलं. "माझी माय एकादशीला भाकर खात न्हाई. तू कोण हायस?"