ऑटोचा ग्लास

ऑटो या शुक्रवारीही येणार नव्हता. क्लबचे सगळ्यांत जुने मेंबर हेबर्ले यांनी त्याची स्नूकरची क्यू भिंतीवरून उतरवली, पुसली, परत टांगली आणि उसासा टाकला.

"गुडघा," ते म्हणाले. "बिचाऱ्याचा गुडघा."

श्रीधरला खरंच वाईट वाटलं. लिंडेनबाख गावच्या स्नूकर क्लबात तो तीन वर्षं दर शुक्रवारी येत होता, पण या ऑटोची नि त्याची एकदाही गाठ पडली नव्हती. श्रीधर यायचा तेव्हा ऑटो नुकताच गेलेला असायचा. श्रीधर लवकर आला, की ऑटोला बरं नसायचं. काउंटरवरची गेर्डा मात्र त्याच्या नावानं बिअरचा छोटा ग्लास भरून ठेवायचीच. तो कोण प्यायचं देव जाणे, पण निघताना रिकामा दिसायचा.

श्रीधर मूळचा नाशिकचा, स्टुटगार्टजवळच्या कंपनीत गिअरबॉक्सचा इंजिनिअर. गावात घर घेतलं, कचऱ्याच्या डब्यांचे रंग पाठ झाले, शेजारीण केक आणून द्यायला लागली. एकच गोष्ट राहिली होती. क्लबात तो अजून 'गास्ट' होता, पाहुणा. पाहुण्याला खेळायला मिळतं, दाराची किल्ली मिळत नाही. शिवाय सगळे एकमेकांना अरेतुरे करायचे आणि याला तेवढं अहोजाहो. मेंबर व्हायला सगळ्यांचा होकार लागायचा, नि तो कशावर ठरतो ते कोणी सांगेना.

"पापा नुअर गास्ट," बाबा नुसता पाहुणा, असं लेक हर्षा चिडवायची. जर्मनीत वाढलेली पोर, तिला वाटायचं गंमत आहे. श्रीधरला ते फार लागायचं. इथलाच व्हायचं होतं हो त्याला, बाकी काही नको होतं.

म्हणून क्लबच्या चाळिसाव्या वाढदिवसाला इतिहास सांगायचं काम हेबर्ल्यांनी त्याच्यावर सोपवलं, तेव्हा स्वारी हरखली. आता किल्ली कुठे जात नाही! तो हौसेनं एकेकाला विचारत सुटला. १९७४ साली इंग्लंडातल्या एका क्लबाचं जुनं टेबल ट्रकनं आलं. कायद्याला लागतात तेवढी सात माणसं जमली नि क्लब नोंदवला. त्या दिवसाचा फोटो भिंतीवर होता. त्यात सहाच जण, कारण फोटो ऑटोनं काढला होता.

ऑटोबद्दल मात्र एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. हेबर्ले म्हणाले, डावखुरा. गेर्डा म्हणाली, उजव्या हातानं काय सुरेख खेळतो! वाल्टर सुताराच्या मते त्याला पार टक्कल, तर गेर्डाच्या मते केस पाहत राहावेत असे. आपलंच जर्मन कच्चं, असं म्हणून श्रीधरनं केसांचा विषय भाषणातून काढून टाकला.

समारंभाच्या संध्याकाळी श्रीधरची बायको मनोरमा नारळाच्या वड्यांचं ताट घेऊन आली. भाषण रंगलं, टाळ्या पडल्या, वड्या तर बघता बघता संपल्या. हेबर्ले मात्र फोटोसमोर एकटेच उभे होते.

"छान बोललात तुम्ही," ते म्हणाले. "पण ऑटो नाही, मग चाळिशी कसली!"

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. श्रीधरला ते बघवेना.

आता हा माणूस असा, की थाप मारायच्या विचारानंच याचे कान लाल होतात. पण त्या क्षणी काय झालं कोण जाणे, तोंडातून निघूनच गेलं.

"मला भेटला ना तो! परवा कामाला बाड हॉम्बुर्गला गेलो होतो, तिथे स्टेशनवर."

वाल्टरनं क्यू खाली ठेवली.

"ऑटो? तुम्हाला?" हेबर्ल्यांनी विचारलं.

"हो. काठी होती हातात. सगळ्यांना नमस्कार सांगितलाय. आणि म्हणाला, गेर्डाच्या बटाट्याच्या सॅलडची फार आठवण येते."

"अहो, काय बोलताय?" मनोरमा मराठीत कुजबुजली. "कधी सांगितलं नाहीत ते!"

श्रीधरचे कान पेटले होते. मेलो, त्याला वाटलं. तीन वर्षं कमावलेलं एका वाक्यात घालवलं.

"काठी कुठल्या हातात होती?" हेबर्ल्यांनी शांतपणे विचारलं.

"डाव्या. नाही, उजव्या. म्हणजे... आधी डाव्या."

गेर्डानं ॲप्रनमध्ये तोंड लपवलं. तिचे खांदे हलत होते. हेबर्ल्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. एकेकानं मान डोलावली. मग त्यांनी खिशातून पितळी किल्ली काढून श्रीधरच्या हातावर ठेवली.

"घे रे श्रीधर. तुझी आहे."

"पण... अचानक?"

"मला तो पोस्टात भेटला होता," गेर्डा डोळे पुसत म्हणाली. "त्याच संध्याकाळी मला किल्ली मिळाली."

"मला दातांच्या डॉक्टरकडे," वाल्टर म्हणाला.

"इतका फिरतो तो? त्या गुडघ्यानं?" श्रीधरनं विचारलं.

हेबर्ल्यांनी काउंटरवरचा ऑटोचा ग्लास उचलून श्रीधरच्या हातात दिला.

"अरे, क्लब नोंदवायला सात माणसं लागत होती," ते म्हणाले. "आम्ही सहाच होतो."