दुसरी खुर्ची

थोरला भाऊ स्वतःच्याच सलूनमधल्या दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसला, गळ्याभोवती टॉवेल खोचला आणि धाकट्याला म्हणाला, "घे वस्तरा."

बाकावरच्या लोकांनी वर्तमानपत्रं खाली केली. धाकट्याची दारू सुटली हे सगळ्यांना माहीत होतं. हातांचं थरथरणं सुटलं की नाही, ते मात्र स्वतःच्या गळ्यावर आजमावून बघायला कुणी तयार नव्हतं. म्हणून तो आजवर नुसते केस झाडत होता, टॉवेल धूत होता. आज दाढी नीट झाली की ही खुर्ची त्याची. खुर्ची मिळाली की बायको मुलीला घेऊन माहेराहून परत येणार होती. तिने तसं कबूल केलं होतं.

"विमा उतरवलाय ना?" शेजारच्या शिंप्याने थोरल्याला विचारलं.

"तुमच्यापासून सुरुवात करणार होतो, तुम्ही उशिरा आलात," थोरला म्हणाला. सगळे हसले.

धाकट्याने फेस केला, वस्तऱ्यात नवं पातं घातलं. बघता बघता उजवा गाल स्वच्छ झाला, मग डावा. हात कुठे म्हणून अडखळला नाही. चेष्टा आपोआप थांबली. शिंप्याने आपल्या हनुवटीवरून बोटं फिरवली आणि म्हणाला, "नंतर माझीही करून टाक रे."

थोरल्याने डोळे मिटले होते. धाकट्याने आरशात ते पाहिलं. शिव्या त्याला पचत होत्या, लोकांचा संशयही अंगवळणी पडला होता. हे मात्र झेपेना. आता रोज कुणीतरी असं डोळे मिटून बसणार आणि रोज आपण त्या लायकीचं राहायचं. भरत आलेल्या जखमेची खपली काढायला बोट जातंच, दुखणार हे माहीत असूनही. त्याने पातं जबड्याच्या कडेला टेकवलं आणि आडवं ओढलं.

जखम खोल नव्हती. पण फेस लाल झाला.

थोरल्याने डोळे उघडून आरशात भावाकडे पाहिलं. मग बाकाकडे वळून म्हणाला, "मीच हललो. डुलकी लागली होती जरा."

शिंप्याने मान डोलावली. प्रकरण तिथेच मिटत होतं. धाकट्याने नुसतं गप्प बसायचं होतं.

"तू हलला नाहीस, दादा," तो म्हणाला. "माझा हातही थरथरला नाही. मी मुद्दाम केलं."

"का रे?"

"माहीत नाही." त्याला रडू फुटलं. "खरंच माहीत नाही."

बाकावरचं एक गिऱ्हाईक उठून निघून गेलं. थोरल्याने तुरटीचा खडा जखमेवर दाबून धरला. रक्त थांबल्यावर मान पार मागे टाकली आणि पुन्हा डोळे मिटले.

"गळ्यावरचं राहिलंय," तो म्हणाला.

धाकट्याने वस्तरा मिटून आरशापुढे ठेवला आणि तो दुकानाबाहेर पडला.

थोरला तसाच बसून राहिला. बऱ्याच वेळाने शिंपी हळूच म्हणाला, "फेस वाळला की हो. पुसून देऊ का?"

"राहू द्या," थोरला डोळे न उघडता म्हणाला. "येईल तो."