चेहरा जुळत नाही

"वहिनी, ते डबडं फेकून दे, माझ्या कंपनीचा फोन घे!" दिरानं डोकं खाल्लं होतं. जुना फोन सारखा हँग व्हायचा, म्हणून शेवटी ऐकलं त्याचं.

आज शिलाई मशीनवर बसले, तर नवा फोन ओळखच दाखवेना. चेहरा जुळत नाही म्हणे. दीर हसला, "चष्मा काढ, वहिनी." काढला. तरी नाहीच.

चिडून फोन मशीनला टेकवला, उठले आणि खणातला जुना काढला. हँग होऊ दे, पण मला ओळखतो तरी. मेला, तोही उलटला: चेहरा जुळत नाही.

तेवढ्यात मशीनवरचा नवा फोन आपोआप उघडला. त्याच्यासमोर फक्त माझी रिकामी खुर्ची होती.

मी दिराकडे पाहिलं. त्याचं हसू मावळलं. माझ्याकडे बोट दाखवत, खुर्चीकडे वाकून त्यानं हळूच विचारलं,

"वहिनी, या बाई कोण?"