उरलेला फ्रॉक

शिंपीणबाई टाकून दिलेल्या कापडांचे तुकडे जोडून भिक्खूंची चीवरं शिवायची. तिची लेक ज्याच्या ट्रकखाली गेली, तो तुरुंगातून सुटून भिक्खू व्हायला निघाला आणि त्याचंही चीवर तिच्याच मशीनवर आलं. एवढं शिवून आपणही मरून जायचं, असं तिने ठरवलं. चीवराला छातीपाशी लेकीच्या शेवटच्या फ्रॉकचा तुकडा जोडला. रंगवूनही रक्ताचा डाग दिसत राहिला. बस म्हणावं जन्मभर उराशी घेऊन. चीवर न्यायला तो आला, डागावर हात ठेवून खाली बसला. “तिच्याच फ्रॉकचा ना, ताई? बाकीचा फ्रॉक उरला असेल तर तोही लावा.” तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “सगळं एकदाच उरकायला बघतोस? दरवर्षी यायचं. दरवर्षी एक तुकडा, माझ्याच हाताने.” तो गेल्यावर तिने उरलेला फ्रॉक टेपने मोजला. वीस वर्षं पुरणार होता. मेल्याने मरायचीही पंचाईत करून ठेवली.