डावा पंजा

काचेच्या उभ्या भांड्यात पांढरा उंदीर मागच्या पायांवर उभा राहिला आणि त्याने दोन्ही पंजे काचेला टेकवले.

"डावासुद्धा," अस्मिता म्हणाली. "कुपी बसवण्याआधी हा पंजा नुसता लोंबत होता."

वच्छलाबाई खाली वाकल्या. नागपूरच्या या संशोधन संस्थेतील प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या समितीत शास्त्राशी संबंध नसलेल्या त्या एकट्याच, निवृत्त शिक्षिका. या उंदराला कंपवातासारखा आजार मुद्दाम जडवला होता. मग अस्मिताने त्याच्या मेंदूत तांदळाच्या कणीएवढी कुपी ठेवली. कुपीत जिवंत पेशी होत्या. त्यांचे औषधी द्रव्य भिंतीतून झिरपत राही; पेशी मात्र आतच सुरक्षित राहत.

"बरा झालाय. मग आता परवानगी कशाची?"

"कुपी काढण्याची." अस्मिताने नजर चुकवली नाही. "ती काढल्यावर पंजा पुन्हा लुळा पडला, तरच गुण कुपीचा होता हे सिद्ध होईल. त्याशिवाय माणसांपर्यंत जाता येणार नाही, मॅडम."

"आणि मग परत बसवणार?"

"नाही. महिनाभर निरीक्षण. नंतर मेंदू तपासायचा, म्हणजे…"

"कळलं."

बाकी सदस्यांनी होकार दिला होता. अध्यक्षांना ठराव एकमताने हवा होता. सगळे वच्छलाबाईंकडे पाहत होते.

बाहेर बाकावर वच्छलाबाईंचे पती केशवराव बसले होते. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झाल्यानंतर त्यांच्या डाव्या हाताला कंप सुटला, तो वाढतच गेला. सकाळी बसमध्ये ते बायकोला म्हणाले होते, "त्या उंदराले सांग वं, रांगेत तुह्या मागं मीच हाय."

उंदराने पुन्हा काच चाचपली.

"माझी हरकत नाही," वच्छलाबाई म्हणाल्या. "पण एक अट. महिना कशाला? पंजा खाली आला, की तुमचं उत्तर मिळालं. त्याच दिवशी संपवा. एकदा बरं वाटल्यावर पुन्हा त्याला तसं जगवू नका. वाट पाहू नका."

"फार सहृदय अट आहे," अध्यक्ष म्हणाले.

अस्मिताने ती लिहून घेतली आणि वाचून दाखवली, "डावा पंजा निकामी होताच, विलंब न करता. बरोबर, मॅडम?"

दाराच्या काचेतून केशवरावांची पाठ दिसत होती. वच्छलाबाईंनी तिकडे पाहिले.

"बरोबर," त्या म्हणाल्या.

बाहेर केशवराव उजव्या बाहीचे बटण लावू पाहत होते. डाव्या हाताची बोटे काजापर्यंत जात आणि निसटत.

"काय म्हणते आपला उंदीर?"

"बरा आहे. दोन्ही हात टेकवून उभा राहते."

"मग तोंड काहून उतरलं तुझं?"

सवयीने वच्छलाबाईंचा हात बटणाकडे गेला. मध्येच त्यांनी तो मागे घेतला.

"लावून देत नाही का आज? बस सुटून जाईन नं."

"जाऊ द्या." त्या त्यांच्या शेजारी बाकावर बसल्या. "लावा तुम्ही. मी थांबते."